एका इंग्रजी शब्दाचे साक्षीदार

भुजंगदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी तहसील कचेरीपुढच्या लिंबाखाली बसून तीर्थपुरीच्या एका माणसाचा अर्ज लिहीत होतो. मी अर्जनवीस. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि ती सरकारला कळतील अशा उर्दूत लिहून द्यायची, हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. त्या माणसाचा बैल शेजाऱ्यानं बांधून घेतला होता आणि मी त्या बैलाला अर्जात चांगला ढसाढसा रडवला होता. एवढ्यात दादाच्या कापडदुकानातला मापारी धापा टाकीत आला. म्हणाला, "आसारामजी, जल्दी चला. भुजंगराव गेले." माझा टाक कागदावर तसाच टेकून राहिला आणि बैलाच्या अश्रूंवर शाईचा हा एवढा डाग पडला. आता लिहायला लाज वाटते, पण त्या घटकेला माझ्या मनात पहिला विचार आला तो असा... जाण्यातही हाच पहिला.

भुजंगदादा माझा चुलतभाऊ. पिंपळगाव रेणुकाईला एकाच घरात, एकाच वर्षात आम्ही दोघं जन्मलो. तो सहा महिने आधी. अन्यायाला सुरुवात झाली ती इथूनच. सहा महिन्यांच्या त्या भांडवलावर त्यानं जन्मभर माझ्याकडून 'दादा' म्हणवून घेतलं. दात त्याला आधी आले, चालायला तो आधी लागला, आणि त्याला आखूड झालेली अंगडी मला मिळाली. आता सहा महिन्यांत अंगडं आखूड व्हायला पोर काही ऊस नव्हे, पण ती त्याला आखूड होत आणि मला ढगळ. आमची भांडणं रोजची. ती मिटवायची आमच्या घराची एक रीत होती, ती इथं सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर येऊन थांबणार आहे. आमच्यात भांडण मिटवताना कोणी तोंडानं काही बोलत नसे. ज्याला मिटवायचं असेल त्यानं जेवताना आपली भाकरी मोडायची आणि अर्धी दुसऱ्याच्या ताटात ठेवायची. त्यानं ती खाल्ली, भांडण मिटलं. ताटात राहू दिली, तर राहिलं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, माफी मागायची नाही. माझे वडील आणि काका बांधावरून दोन वर्षं बोलत नव्हते. एके दिवशी अर्धी भाकरी इकडची तिकडे गेली, आणि संध्याकाळी दोघं एका मोटेवर. आम्हा दोघांत बहुतेक वेळा भाकरी दादाच मोडायचा. तो मोठा ना! मोठेपणाही आधी त्यानंच उचलला.

पुढं दोघंही जालन्याला आलो, मिडलपर्यंत शिकलो. मी उर्दूला चिकटलो आणि कचेरीपुढच्या लिंबाला लागलो. दादा जुन्या जालन्यात एका सेठजींच्या ठोक कापडाच्या दुकानात मुनीमाच्या हाताखाली राहिला. बुद्धीनं म्हणाल तर तो माझ्यापेक्षा फार पुढं होता असं नाही. शिवाय माझ्याजवळ एक चीज होती जी त्याच्याजवळ नव्हती. मला गोष्ट सांगता येई. लग्न असो, बारसं असो, रेणुकामातेच्या यात्रेतली जेवणं असोत, चार माणसं बसली की म्हणत, "आसाराम, हत्ती सांग." आमच्या पणजोबांच्या काळी एक मोठा सरदार पिंपळगाववरून जात असता त्याचा हत्ती नाल्याच्या चिखलात रुतला, शंभर माणसांना निघेना, तेव्हा पणजोबांनी त्याला गुळाची ढेप दाखवली, कानात काही सांगितलं, आणि हत्ती आपणहून बाहेर आला, ही ती गोष्ट. पहिल्यांदा सांगितली तेव्हा गूळ एक ढेप होता. पुढं पुढं तो पाच ढेपांवर गेला. हत्ती कानात काय ऐकून बाहेर आला ते मी कधीच सांगत नसे. तिथं थांबून तपकीर ओढत असे. लोक गुडघ्यावर येत. आयुष्यात मला तेवढीच एक घटका मिळे, जेव्हा दादासुद्धा खाली बसलेला असे आणि मी बोलत असे.

मग तो शब्द आला. सेठजींना मुंबईच्या आडत्याचं इंग्रजी पत्र आलं. एका गठ्ठ्यात लट्ठ्याच्या कापडाची ठाणं कमी निघाली होती, त्याबद्दलचं. पत्र वाचणारा गृहस्थ गावाला गेलेला, म्हणून मिडलला थोडं इंग्रजी शिकलेल्या दादाला बसवलं. सगळं लागलं, एका ठिकाणी मात्र अडलं. आडत्यानं लिहिलं होतं की पुढच्या गठ्ठ्यात आम्ही हे 'मेक अप' करू. दादानं कोश काढला. मेक म्हणजे करणे, अप म्हणजे वर. सेठजी घाबरले. "वर करणार? माल वर करणार म्हणजे हात वर करणार का काय, भुजंगराव?" तेव्हा दादा पत्र घेऊन स्टेशनामागं राहणाऱ्या गार्डसाहेबांकडे गेला. हे रेल्वेतून पेन्शनीत निघालेले वृद्ध गृहस्थ, कोंबड्या पाळून होते. त्यांनी सांगितलं, "जो कम पड़ा, वो पूरा करके देना. बस." दादा सलाम करून निघाला, फाटकापर्यंत पोचला, तोच मागं गार्डसाहेबांनी खानसाम्याला काही हुकूम केला आणि त्यात पुन्हा तोच शब्द. खानसाम्यानं ठाणं काढली नाहीत, उठून चुलीत दोन लाकडं सारली. दादा फाटकातून परत आला. "साहेब, हे तेच होतं का?" गार्डसाहेब खूप हसले म्हणे. "अरे भुजंग, इस लफ़्ज़ का ख़ानदान बहुत बड़ा है. तू कितनों से मिलेगा?" दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. दादानं दुकानातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक कोरी वही मागून घेतली.

या वहीचा कायदा त्यानंच केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. गार्डसाहेब अर्थ सांगत, पण सांगितला म्हणून तो वहीत जात नसे. जालन्यात कोणीतरी ते काम करताना दादानं डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. पाहिलं की अर्थ, ठिकाण, माणूस, आणि खाली 'प्रत्यक्ष पाहिलं' हे दोन शब्द. त्याखाली त्या माणसाची सही, बकलमखुद, म्हणजे स्वतःच्या हातची. मी त्याला म्हणालो, "दादा, शब्दाला साक्षीदार कशाला? हा काय जमिनीचा वाद हाय?" तर म्हणाला, "आसा, तुम्ही अर्जनवीस लोक ऐकल्यावर लिहिता. मी पाह्यल्याबिगर न्हाई लिहिणार." टोमणा मला होता की नव्हता कोण जाणे. मी तो घरी घेऊन आलो आणि चांगला जपून ठेवला.

अशी त्याची वही भरत गेली. पहिली सही मुंबईहून आलेल्या आडत्याच्या माणसाची, दुसरा अंगठा गार्डसाहेबांच्या खानसाम्याचा. अंथरूण घालण्यालाही तोच शब्द आहे हे कळलं तेव्हा सरूवहिनींनी बाज मांडून त्यावर गोधडी अंथरली आणि नवऱ्याच्या वहीत कुंकवाचा अंगठा उठवला. दवाखान्यातले कंपौंडरसाहेब बाटलीत मिक्श्चर बनवीत तेही हेच. त्यांची सही उर्दूत, सुरेख, मला लिहिता येते त्याहून सुरेख. स्टेशनच्या यार्डात डबा डब्याला लावून मालगाडी उभी करतात, ते हेच. मनमाडहून उशिरा निघालेली गाडी पळत पळत वेळ भरून काढते, ते हेच. त्यासाठी दादा तीन रविवार फलाटावरच्या घड्याळाखाली उभा होता, आणि चौथ्या रविवारी गाडी वेळेवर आली तेव्हा त्यानं इंजिनात चढून ड्रायव्हरचा कोळशाचा अंगठा घेतला. नाटक कंपनी आली तेव्हा पडद्यामागं बसून त्यानं एका मिशीवाल्या माणसाची सुभद्रा होताना पाहिली आणि तिची सही घेतली. कागदावर गुलाबी बोट अजून आहे. सगळ्यात अवघड गेलं ते मनाचा निश्चय करणं. गार्डसाहेब म्हणाले, हाही अर्थ आहे. आता मन ठरताना दिसावं कसं? दादा दोन वर्षं माणसांकडे बघत राहिला. शेवटी त्याला ते दुकानातच दिसलं. लुगडी बघायला आलेल्या बाया वीस लुगड्यांवरून हात फिरवतात, आणि एका लुगड्यावर तो हात थांबतो. तोंडानं अजून 'दुसरं दावा' म्हणत असतात, पण हात थांबलेला असतो. "तितं मन ठरतं," दादा म्हणाला. "पाह्यलं मी, बराबर पाह्यलं."

हे सगळं तो लोकांना सांगे, आणि लोक ऐकत. माझं दुखणं ते इथं. त्याला गोष्ट सांगता येत नव्हती हो! आवाज बसका, मधे खोकला, हातवारे नाहीत, तपकीर नाही. नुसती वही उघडायची, सही दाखवायची आणि काय पाहिलं ते सांगायचं. तरी त्याच्याभोवती गर्दी. आमची गोदा, म्हणजे माझी बायको, माझ्या हत्तीला सोळा वर्षांत एकदाच हसली होती आणि तीही चुकीच्या ठिकाणी. ती त्या मिशीवाल्या सुभद्रेच्या बोटाला पोट धरून हसली. मग मीही एक शब्द धरायचा ठरवलं. एका रविवारी गार्डसाहेबांकडे जाऊन 'गेट अप' मागितला. त्यांनी तीन अर्थ सांगितले. पहिला, सकाळी उठणे. मी म्हणालो, ठीक, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा गोदा केव्हाच उठून दळणाला बसलेली होती आणि घरात उठण्यासारखं दुसरं कोणी उरलं नव्हतं. माझी वही तिथंच संपली. त्या वहीत पुढं गोदानं पापडांचं प्रमाण लिहून घेतलं.

आणि मग पिंपळगावला आमच्या पुतणीचं लग्न निघालं. दुपारची पंगत उठली होती, मांडवात माणसं पान खात बसली होती, आणि कोणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, "आसाराम, हत्ती सांग." मी सांगितला. त्या दिवशी तर काय साधला होता म्हणून सांगू! पणजोबा हत्तीच्या कानाशी वाकले, मी तपकिरीची डबी काढली, मांडवात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली... आणि त्या शांततेत भुजंगदादा उभा राहिला. हातात लाल वही. चेहरा असा उजळलेला की जणू त्याच्याच लेकीचं लग्न.

"मंडळी, ह्या शब्दाचा नववा अर्थ मला आता घावला," तो म्हणाला. "नसलेली गोष्ट आपल्या मनानं रचून सांगणं. लई दिवस शोधून राह्यलो व्हतो. परवा गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना इचारलं. हत्ती न्हवता. आपल्या पणजोबांनी चिखलातून काढलं ते रेडकू व्हतं. शेजारच्या घरचं रेडकू! आन् त्याचा ह्यानं हत्ती केला. असा माणूस मला जालन्यात दुसरा घावला न्हाई." असं म्हणून त्यानं वही माझ्यापुढं धरली, पेन्सिल दिली, आणि म्हणाला, "कर सही."

मांडव हसला. नवरदेवाकडचे हसले, आचारी हसले, जो माणूस मला 'हत्ती सांग' म्हणाला होता तो तर आडवा झाला. पोरं मांडवभर 'रेडकू रेडकू' करत पळायला लागली. मी पेन्सिल तिथंच टाकली, जोडे घातले आणि बैलगाडीकडे निघालो. दादा मागं पळत आला. त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं, हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

"आसा, अरे मी तुला वहीत बसवून राह्यलो! कंपौंडर बसले, ड्रायव्हर बसले, सरू बसली. तुझ्याबिगर वही अपुरी व्हती रे."

"मी तुझ्या वहीतला नमुना न्हाई, दादा," मी म्हणालो. "माझ्याजवळ एक हत्ती व्हता. तोबी तू घेतला."

त्यानंतर पाच वर्षं आम्ही बोललो नाही. जालना काही मोठं गाव नव्हे. बाजारात समोरासमोर आलो की मी एखाद्या दुकानातल्या वस्तूकडे फार बारकाईनं बघत असे. एकदा त्यापायी लोहाराकडून नको असलेलं विळीचं पातं घ्यावं लागलं. यात्रेच्या जेवणाला पंगतीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. अर्धी भाकरी जायची म्हटली तर वीस माणसांच्या हातांतून जावी लागली असती. मला वाटे, त्यानं मोडावी. तो मोठा ना? त्याला काय वाटे, ते मला ठाऊक नाही. गोदाचं मात्र सरूवहिनींकडे जाणं-येणं चालू होतं आणि मी न विचारता तिच्याकडून खबर काढत असे. दहा अर्थ झाले म्हणे. कापडाचा अंगरखा शिवताना शिंप्याचा अंगठा घेतला म्हणे. अकरावा झाला, टपालातल्या माणसानं पुडकं बांधताना सही दिली म्हणे. एकदा गोदा म्हणाली, "भांडण मिटवणं, ह्यालाबी तोच शब्द हाय म्हनं. पर ते पान भाऊजींनी कोरं ठिवलंय." मी म्हणालो, "का? जालन्यात भांडणं मिटत न्हाईत का?" तर म्हणाली, "मीबी तेच म्हनलं. तं म्हनले, दुसऱ्याचं न्हाई लिहायचं." एवढं सरळ सांगितलेलंही ज्याला कळलं नाही, तो माणूस लोकांची गाऱ्हाणी लिहून पोट भरत होता.

दादाला जुना दमा होता. या साली तो उठूच देईना. गोदा एक दिवस कमरेला पदर खोचून म्हणाली, "जाता का मी तुमच्या नावानं जाऊन सांगू, की जिते हाएत पर पाय न्हाईत?" मी गेलो. दुपारची जेवणाची वेळ. दारात पाऊल ठेवण्याआधी मी बाहेरचे जोडे मोजले. अकरा जोड. माझ्या दुखण्यात किती असतील याचा अंदाज केला, आणि घरचे धरून तीनवर आलो. आत कंपौंडरसाहेब, शिंपी, यार्डातला माणूस, सगळे वहीतले साक्षीदार बाजेभोवती बसलेले. दादा उशीला टेकून होता, पार वाळलेला. मला बघून त्यानं हात वर केला, बोलवेना त्याला. वहिनींनी आम्हा दोघांची ताटं केली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. त्याचं ताट बाजेवर, माझं बाजेलगत खाली.

मी पहिला घास घेतला आणि कंपौंडरसाहेब शेजारच्या माणसाला सांगायला लागले, "...तो पूरी फ़ौज खड़ी है, और हाथी निकलताच नहीं!" माझा हत्ती! दवाखान्यात, यार्डात, शिंप्याकडे... पाच वर्षं मी तो कुणाला सांगितला नव्हता, आणि इकडं दादा तो गावभर सांगत होता! माणसं हसत होती, पुढं काय म्हणून विचारत होती. कंपौंडरसाहेब योग्य जागी थांबलेसुद्धा. माझ्या कानशिलांत आग झाली. त्या आगीत मी जेवलो, काय जेवलो ते मला माहीत नाही. ताटाशी कुणाचा तरी हात आला नि गेला, इतकं पुसट आठवतं. तांब्या उचलला, ताटातच हात धुतला, "येतो" म्हणालो आणि निघालो.

नदीच्या पुलावर आलो तेव्हा मला तो हात आठवला. वाळलेला, बाजेवरून खाली वाकलेला... मी माझी भाकरी संपवली होती. मग हात धुताना पाणी ज्याच्यावर पडलं, ती ताटातली अर्धी भाकरी कुणाची होती?

मी पुलावर उभा राहिलो. परत फिरायला हवं होतं. पण आत ते अकरा जोड बसलेले, त्यांच्यादेखत काय म्हणायचं? आमच्यात तोंडानं बोलायची रीत नाही. म्हटलं, उद्या जाऊ, गर्दी नसेल तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्या बैलवाल्याचा अर्ज सुरू केला, म्हटलं, हा पुरा करून जाऊ. तिसऱ्या दिवशी त्याच अर्जावर शाईचा डाग पडला.

दहाव्याला माणूस लोटला होता, पण त्या दिवशी मी जोडे मोजले नाहीत. घाटावर कंपौंडरसाहेब माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "आपका हाथी बहुत सुनाते थे. मगर हर बार पहले बोलते, मेरे भाई आसाराम का हाथी है, मैं तो बस सुना रहा हूँ." मी म्हणालो, "कंपौंडरसाहेब, ते रेडकू होतं." ते म्हणाले, "हौ, वो भी बोलते थे. मगर बोलते थे, रेडकू में वो मज़ा कहाँ."

तेराव्यानंतर सरूवहिनींनी लाल वही माझ्या हातात दिली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "भाऊजी, शेवटलं पान बघा." मी बघितलं. पेन्सिल हलकी लागलेली, अक्षर थरथरलेलं, पण त्याचंच. 'मेक अप. अर्थ बारावा. तुटलेलं पुन्हा जोडणं, भांडण मिटवणं. ठिकाण, माझं घर. अर्धी भाकर दिली. आसारामनं खाल्ली. प्रत्यक्ष पाहिलं.' खाली सहीची जागा कोरी.

"वहिनी," मी म्हणालो, "मी खाल्ली न्हवती."

"ठावं हाय की. ताट मीच उचललं न्हाई का? म्या त्यांला म्हनले, भाऊजींनी भाकरीवर हात धुतला वो. तं म्हनले, त्यानं बघितली न्हाई. म्या म्हनले, तुमी तं बघितलं नव्हं? तं जरासं हसले. म्हनले, खाल्ली त्यानं. वही दे."

ज्या माणसानं एका अर्थासाठी चार रविवार घड्याळाखाली काढले, मन ठरताना दिसेपर्यंत दोन वर्षं वाट पाहिली, त्यानं आयुष्यात एकच गोष्ट न पाहता लिहिली होती. आणि ती अशी! माझी उभी हयात रचून सांगण्यात गेली. बैल रडवले, रेडकांचे हत्ती केले. पण दोन शब्दांत, तपकीर न ओढता, असं मला कधी जमलं नाही. खरं सांगतो, डोळे भरले होते आणि पोटात जळतही होतं. माझं जे एकमेव होतं, त्यातही हा जाता जाता पुढं निघून गेला.

वही महिनाभर माझ्या अर्जांच्या पेटीत पडून होती. नवव्या अर्थाखाली मी सही केली. हत्ती नव्हता, रेडकू होतं, आसाराम, बकलमखुद. मांडवात पाच वर्षांपूर्वी ती केली असती तर लोकांबरोबर मीही हसलो असतो, एवढंच. बाराव्या पानाशी मात्र टाक अडे. आजवर लोकांच्या नावानं मी काय काय लिहिलं असेल, त्याची गणती नाही. पण हे लिहवेना.

मागच्या शनिवारी भर दुपारी वही काखेत मारून जुन्या जालन्यात गेलो. सरूवहिनी भाकरी थापत होत्या. बाजेवरची गोधडी घडी करून ठेवलेली. मी त्याच जागी, बाजेलगत खाली बसलो आणि म्हणालो, "वहिनी, एक भाकर वाढा. कालवण नको." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाढली. मी ती मोडली. अर्धी बाजेवर ठेवली, अर्धी खाल्ली. कोरडी भाकरी खाली उतरायला वेळ लागतो, तेवढा लागला. वहिनींनी चुलीत एक लाकूड सारलं आणि मला उगाच आठवलं, की हाही अर्थ वहीत आहे, दुसरा. मी ताटात हात धुतला नाही. बाहेर जाऊन धुतला, परत येऊन वही उघडली आणि बाराव्या पानावर सही केली.

सहीच्या वर त्याचे ते शब्द होतेच... प्रत्यक्ष पाहिलं. माझ्याआधी सहा महिने जन्मलेला माणूस. हेही त्यानं माझ्याआधीच पाहून ठेवलं होतं.